हिरुकावा तीन तास पावसात उभा होता

१ डिसेंबर, रविवार
ठरलं! पंधराला हिरुकावा येतोय. आज टोकियोत व्यावसायिक बेसबॉल संघाचा एक नंबरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. पण घडवला आमच्या नदीकाठच्या मैदानावर, मी. पोरांना भेटणार, खेळवणार. अगदी वेळेवर. संघात बरोबर नऊ पोरं उरलीत. एक गेला की संघ बंद. आणि मला चहा द्यायची पाळी असलेल्या, पोरांच्या आया थर्मासच्या आडून कुजबुजतात. त्यांना वाटतं, इसोगाईसरांना ऐकू येत नाही. अहो, चाळीस वर्षं छपरांवर कौलं घालतोय. खाली गिऱ्हाईक काय पुटपुटतं ते वरून ऐकूनच धंदा उभा केला. ओरितोची आई म्हणाली, "नदीपलीकडच्या संघात म्हणे कुणी ओरडतच नाही." दुसरी म्हणाली, "आणि चहाची पाळीही नाही!"
संकल्प: पंधरापर्यंत ओरडायचं नाही.

७ डिसेंबर, शनिवार
ओरडलो. ओरितोने हातातला झेल सोडला. म्हणालो, "घरी जा!" याचा अर्थ जायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. टोपी काढायची, वाकायचं, "सर, राहू द्या" म्हणत उभं राहायचं. तासाभराने आपण "हं, चल" म्हणायचं. पोराला कणा येतो. ओरितो चाळीस मिनिटं उभा. मग सगळ्यांना हिरुकावाची गोष्ट सांगितली (पुन्हा). दहा वर्षांचा होता. मी घरी जा म्हणालो. धो धो पाऊस. तीन तास जागचा हलला नाही!
ओरितो म्हणाला, "तीन तास? शू नाही लागली?"


१४ डिसेंबर
केस कापून आलो. आयांना पहिल्या रांगेत बसवायचं. त्याच्या तोंडूनच ऐकू देत. रुमाल दोन. एक त्याच्यासाठी.

१५ डिसेंबर, दुपार
आला. खांद्यापर्यंत केस. असू देत. मला बघताच कमरेत वाकला. डोळे भरून आले. (माझे.) पोरांशी दोन तास खेळला. ओरितोची बोटं स्वतः चेंडूवर बसवून दिली. मग मीच ओरितोला खूण केली, विचार.
"दादा, तुम्ही पावसात तीन तास उभे होतात ना?"
"मी? छे रे! सर म्हणाले घरी जा, मी गेलो. मला वाटलं, पाऊस आहे म्हणून सांगतायत. आजीने गरम नूडल्स केले होते."
पोरं खो खो. आया त्याहून.
"पुढच्या रविवारी पलीकडच्या संघात नाव घातलं. पिचिंग तिथेच शिकलो." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून: "सर, त्या दिवशी तुम्ही जा म्हणाला नसतात, तर माझं काही झालंच नसतं. फार उपकार."
आणि पुन्हा वाकला.
दोन्ही रुमाल मलाच लागले.

१६ डिसेंबर
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
तो पलीकडे गेला हे मला ठाऊक होतंच. पण पाया कुणी घातला? लोकांना कौलं दिसतात, वासे दिसत नाहीत. आणि ते तीन तास? प्रसिद्धीने माणसाची स्मरणशक्ती जाते. माझी शाबूत आहे. तो पाऊस, ते रिकामं मैदान, सगळं डोळ्यांपुढे आहे. पायांतला गारठासुद्धा आठवतो.

२२ डिसेंबर, रविवार
सकाळपासून रिपरिप. ओरितोने झेल सोडला. तोंडातून गेलंच, "घरी जा!"
त्याने टोपी काढली. वाकला. बरं वाटलं. म्हणाला, "थँक्यू, सर." सायकलवर टांग टाकली आणि गेला.
बाकीचे आठ एकमेकांकडे बघत राहिले. मग एक जण पुढे आला, अगदी नम्रपणे. "सर, आम्हालाही सांगा ना."
सांगितलं नाही. तरी गेले.
थांबलो. पोरं आहेत, येतील परत. अकरा वाजले. बारा. एकच्या सुमाराला बायको छत्री घेऊन आली. मी तिला जागा दाखवली, हिरुकावा इथेच उभा होता म्हणून.
ती म्हणाली, "अहो, तो कुठला? तुम्ही होतात. पोरगं परत येईल म्हणून. ओले कपडे मीच पिळले. चला आता घरी."
गेलो.