माझ्या रक्ताचा निकाल

१४ तारीख, शनिवार दुपार

वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा आता कसा आहे? माझं शिवणकाम जोरात चाललंय. एका शाळेच्या पडद्यांची ऑर्डर आहे, घरभर निळं कापड पसरलंय आणि चहाचा कप ठेवायला जागा नाही.

इतकी वर्षं अबोला धरून ही बाई आज पडद्यांच्या गप्पा काय मारते, असं वाटलं असेल. मुद्द्यावर येते.

हे एचआयव्हीने गेले आणि माझी तपासणी मात्र दर वेळी निगेटिव्ह आली. हे गेले त्याच आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात म्हणालात, "ही त्याच्याजवळ गेलीच नसणार. म्हणून तर वाचली." ते मला फार लागलं, वन्सं. अजून लागतं.

गेल्या वर्षी मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. वारंवार संबंध येऊनही ज्यांना लागण होत नाही, अशांचं रक्त ते तपासतात. मी उड्या मारत गेले. म्हटलं, रक्तात काहीतरी सापडेल आणि तो कागद तुमच्यापुढे आपटेन. नर्सने आमच्या संसाराचे नको नको ते प्रश्न विचारले. मी धडाधड सांगत सुटले. कान तिचेच लाल झाले.

परवा डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो, ते दारच काही मोजक्या लोकांना जन्मतः नसतं. मला आहे. काचेच्या नळीत त्यांनी माझ्या पेशींवर विषाणू सोडला, तर त्यांना चक्क लागण झाली! "मग मी कशी वाचले?" मी विचारलं. "खरं सांगू? आम्हालाही अजून कळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

झालं. आपटायला कागद नाही. घरी येऊन मी दोन पडदे उलटे शिवले आणि ओक्साबोक्शी रडले.

म्हणून आता नुसतंच सांगते. आजार कळायच्या आधी आम्ही इतर नवरा-बायकोंसारखेच राहिलो. कळल्यावरही, सांगितलेली काळजी घेऊन, एकाच अंथरुणात झोपलो. तो आजार कुठून आला, हे तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, मीही नाही. शेवटी शेवटी अंग पुसताना ते म्हणायचे, "लांब हो गं." मी नाही झाले.

तुमचा राग माझ्यावर नव्हताच कदाचित. आपला भाऊ मायेविना गेला, हेच तुम्हाला खात असेल. तसं झालं नाही, वन्सं. याला पुरावा नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवता आला, तर ठेवा.

तुमच्या भावाची बायको