मुंगी कुणावर गेली?

९ जानेवारी

नाव मिळालं शेवटी. ऑटिझम — स्वमग्नता. मुलाने जिन्यातच सांगितलं, चपला काढायच्या आधी. सूनबाई सरळ मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

मुंगी मात्र नेहमीसारखी भिंतीच्या कडेकडेने आत गेली (म्हणून तर मुंगी!) आणि माझ्या काचांच्या पेटीपाशी बसली. चार वर्षांची माझी नात, नावाने तिला काय फरक पडणार! काल होती तीच आज आहे. फरक पडला तो मला. एका गिऱ्हाईकाच्या चष्म्याची काडी बसवत होते, बारीकसा स्क्रू हातातून सुटला तो गेलाच कुठेतरी. सापडला नाही.

१२ जानेवारी

विहीणबाई आल्या होत्या. डोळे पुसून झाले आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणी नाही हो. सात पिढ्यांत नाही."

मी म्हटलं, "सातही पिढ्या पाहिलेल्या दिसताय तुम्ही!"

"पाहायला कशाला हवं? खाण तशी माती. आता जावईच बघा ना — अगदी तुमच्यावर गेलेत. तो डावा खांदा पाडून चालणं, ते तोलूनमापून बोलणं, ती कपाळाला आठी..."

हे सगळेच म्हणतात. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं आणि दर वेळी मी फुलून जाते. आज पहिल्यांदा ते टोचलं.

"आई, पुरे!" सूनबाई ओरडली. आम्ही दोघीही तिला आईच. नक्की कोणत्या आईला म्हणाली, देव जाणे.

१३ जानेवारी

डोक्यातून जात नाही. कारण आमच्याकडे आहे. म्हणजे होता — धाकटा.

१५ जानेवारी

इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय!

माझा धाकटा भाऊ बोलायचा नाही. मुका नव्हता, आवाज होता त्याला. लोक खुळा म्हणायचे. पाहुणे आले की आई त्याला मागच्या खोलीत बसवायची आणि त्याच्यासोबत मला — म्हणजे तो शांत राहील. लोकांना वाटे मला शिक्षा झाली. मला तर तिथेच आवडायचं. तो भिंतीला गाल लावून बसे आणि गुणगुणे. सूर दोनच. एक वर, एक खाली, मध्ये इवलंसं थांबणं. पुन्हा वर. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची, ते गुणगुणणं माझ्या पाठीतून आत जायचं. एवढं सुरक्षित मला पुढे आयुष्यात कुठे वाटलं नाही.

ऐन विशीत तापाने गेला. घरात पुन्हा त्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, ते तर आता नाहीत. मुलाला मी कधी सांगितलं नाही. विषयच निघाला नाही.

आणि आमची मुंगी गुणगुणते — तेच. तेच दोन सूर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली काच फुटायची राहिली. रक्त बोलतं म्हणतात. आमचं रक्त गुणगुणतं.

१६ जानेवारी

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

त्या दोघांच्या मनात दुसऱ्या मुलाचं आहे, ते मला कळतं. सूनबाई मुंगीचे लहानपणीचे कपडे वाटून टाकत नाही, घडी घालून ठेवते. धाकट्याबद्दल सांगितलं तर ते थांबतील. नाही सांगितलं तर मी त्यांना अंधारात ठेवलं असं होईल. इकडे आड, तिकडे विहीर.

२२ जानेवारी

एक मायलेकींची जोडी आली दुकानात. आईचा जाड नंबर, आणि आता लेकीलाही लागला. अशा वेळी माझा ठरलेला विनोद आहे — "दागिने नाही दिलेत तरी नंबर दिलात हो!" आजवर सगळे हसलेत.

आज बोलून गेले आणि त्या बाईचा चेहरा पाहिला. कसनुशी झाली बिचारी. म्हणाली, "माझ्यामुळेच का हो?" मी घाईघाईने म्हटलं, "अहो, नुसत्या तुमच्यामुळे नाही! पोरीला जरा उन्हात खेळायला पाठवा, सारखी पुस्तकात नाक खुपसून बसत असेल." दोन्ही खरं आहे. पण बाईने फक्त 'तुमच्यामुळे' एवढंच ऐकलेलं होतं. मीही असंच ऐकतेय का?

तो विनोद आता बंद.

४ फेब्रुवारी

मुंगीला शिकवायला एक ताई येते. पोरगेलीच आहे, पण धीराची. तिने मुंगीपेक्षा आम्हालाच जास्त शिकवलं. जे करायचं ते आधी सांगा. डोळ्याला डोळा भिडवायला लावू नका. एकदम अंगावर जाऊन पापे घेऊ नका — हे माझ्याकडे बघून!

दारावरची घंटा वाजली की मुंगी कान दाबून टेबलाखाली जायची. मुलाने घंटाच काढून टाकली. आता गिऱ्हाइकं टकटक करतात. एक आजोबा तर कुणाच्या देवघरात शिरल्यासारखे हळूच येतात आणि कुजबुजत चष्मा मागतात. गंमतच.

मिक्सर तिला सोसत नाही. पण माझं काच घासायचं चाक — त्याची घरघर काय कमी आहे? ते चालतं! मी म्हणते, "आता चाक सुरू करते हं." की आलीच. टेबलावर तळवा पसरून ठेवते, थरथर घेते आणि गुणगुणायला लागते. मी काच घासते, ती गुणगुणते. दुपार कशी जाते कळत नाही.

११ फेब्रुवारी

मुंगीने आज माझा चष्मा पुसायचं कापड आणून दिलं. मागितलं नव्हतं! मग चष्मा माझ्या नाकावर ठेवला — उलटा. मी तसाच ठेवला. अर्धी दुपार जग डोक्यावर घेऊन बसले होते.

२० फेब्रुवारी

जानेवारीत हरवलेला तो स्क्रू! मुंगी भिंतीच्या कडेने चालली होती, मध्येच थांबली, फटीत नख घातलं आणि काढला. मोहरीएवढा. आणून माझ्या हातावर ठेवला.

विहीणबाई बसलेल्याच होत्या. लगेच, "नजर बघा! अगदी आमच्या वडिलांची. त्यांना कापडातला तुटका धागा लांबून दिसायचा."

"नजर तुमची? चष्म्याच्या दुकानात वाढतेय पोर! नजर आमचीच."

"नजर का दुकानात मिळते?"

"आमच्याकडे मिळते, पाटी वाचा बाहेरची!"

गेल्या महिन्यात 'आमच्याकडचं नाही' म्हणून भांडत होतो, आता 'आमच्याकडचंच' म्हणून. सूनबाई आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग हसायलाच लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी हसली.

ती हसत होती आणि मी मनात म्हणत होते — आता सांगावं. नाही सांगितलं.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावलंय. मुलगा म्हणाला, "आई, तूही चल. दुसऱ्या मुलाबद्दल विचारायचंय आम्हाला. मी लहानपणी कसा होतो, घरात कोण कसं होतं, ते विचारणार आहेत."

खाली बघून हो म्हटलं. ठरलं तर. तिथेच सांगणार. धाकट्याला आजवर मागच्या खोलीत ठेवला, तेवढं पुरे झालं.

या मुलाला आणला तेव्हा कडाक्याची थंडी होती, ह्यांच्या मफलरीत गुंडाळलेला होता. नुसतं नाक दिसत होतं. तेव्हा वाटलं होतं, याच्यासाठी काहीही करीन. 'काहीही'त हेही आलंच की.

३ मार्च

कुठून सुरुवात करू!

डॉक्टरीणबाई गोड आहेत. आधी सगळं समजावलं. म्हणाल्या, याचं एकच एक कारण नसतं. पुष्कळशी जनुकं असतात, प्रत्येक थोडंथोडं ढकलतं. काही घराण्यातून येतात, काही बदल बाळात नव्यानेच होतात, काही गोष्टी पोटात असतानाच्या. आईच्या वागण्याने होत नाही, लाडाने होत नाही, टीव्हीने होत नाही. "पण तिचे दिवस सोपे जातात की अवघड, ते मात्र घरावर असतं. तुमचं घर चांगलं आहे," म्हणाल्या. घंटा काढल्याचं त्यांना कळलेलं होतं.

दुसऱ्या मुलाचं म्हणाल, तर इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त, पण आधी छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. निर्णय तुमचा, म्हणाल्या. मग कागदावर गोल आणि चौकोन काढायला लागल्या — गोल बायका, चौकोन पुरुष. मध्ये खाली मुंगीचा छोटा गोल.

आधी विहीणबाई. "आमच्याकडे तसं कुणी..." म्हणता म्हणता अडखळल्या. मग एक चुलतकाका निघाला, जो माळ्यावर रेडिओ उघडून बसायचा आणि जेवायलाही खाली यायचा नाही. सात पिढ्या म्हणे! टोमणा गिळला. माझीच पाळी होती पुढे.

मी सांगितलं. सगळं. मागची खोली, भिंत, दोन सूर, ताप.  शेवटी म्हटलं, "माझ्या रक्तातून आलंय हे. माझ्याकडून मुलाकडे, मुलाकडून मुंगीकडे. सूनबाई, तुझा राग मी समजू शकते."

सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोलापासून मुलाच्या चौकोनाकडे रेघ ओढायला पेन टेकवलं, आणि मुलाने माझ्या हातावर हात ठेवला.

"आई, ती रेघ नाही येणार."

"का नाही येणार?"

"आई..." लहानपणी मी चुकून दोनदा वाढायची तेव्हा बघायचा तसा बघत होता. "मी दत्तक आहे ना गं."

शपथ घेऊन लिहिते — मी विसरले होते. ठाऊक नव्हतं कसं म्हणू, मीच तर आणला! त्याच्या शाळेत जायच्या वयात मीच मांडीवर घेऊन सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. मग पुन्हा कधी बोलायची वेळच आली नाही. आपला श्वास चालू आहे हे कुठे रोज आठवतं माणसाला? तसं झालं. दोन महिने मी रक्त-रक्त करत जळत होते आणि काखेत कळसा!

सूनबाईला लग्नाआधीच ठाऊक होतं. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला त्या विषयाची आठवण नको असेल. म्हणून तुमच्या भांडणातही ते बोलून दाखवलं नाही. आणि हे मामांचं मनात घेऊन बसलात, एकट्याच?" तिने मला जवळच घेतलं. त्या ताईचा नियम मोडून, एकदम अंगावर येऊन.

विहीणबाईंना मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. तोंड उघडंच. "म्हणजे... तो डावा खांदा?"

"तो माझा काचांची पेटी वाहून पडलाय! माझं बोट धरून चालायला शिकला, तोही पाडून चालतो."

बाहेर येताना त्या पुटपुटल्या, "वाण नाही पण गुण लागला म्हणतात, ते हेच."

"म्हणजे आता बैल केलंत का आम्हाला!" मी म्हटलं. जिन्यात दोघी हसलो. डोळे दोघींचेही ओले होते.

कागदावर आमच्यामध्ये आता तुटक रेघ आहे. दत्तक असलं की तशी काढतात म्हणे. मला वाईट नाही वाटलं. टाकाही तुटक रेघेसारखाच दिसतो, आणि धरून ठेवतो.

४ मार्च

हलकं वाटायला हवं होतं. माझ्याकडून काही आलेलं नाही. सुटले.

मग हे काय होतंय? आज दिवसभर रडू येतंय. त्या भीतीच्या आत कुठेतरी आनंदही होता, तो आता कळतोय. धाकटा परत आलाय असं मी धरूनच चालले होते. मुंगी टेबलावर तळवा ठेवून गुणगुणायची तेव्हा मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेली असायची. आता रेघच नाही म्हटल्यावर तो कुठून येणार? पुष्कळ मुलं गुणगुणतात. दोनच तर सूर. योगायोग असेल.

धाकटा दुसऱ्यांदा गेला.

६ मार्च

मुलगा मुंगीला बागेत घेऊन गेला होता. दुकानात मीच, चाकावर. सूनबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "आई, चाक बंद करा, पण घासताय तशाच बसा."

बंद केलं. चाक थांबलं. गुणगुण थांबली नाही. एक वर, एक खाली, मध्ये इवलंसं थांबणं. मी वळून पाहिलं. मुंगी नव्हती तिथे.

"तुम्हीच गुणगुणताय," सूनबाई म्हणाली. "चाक सुरू झालं की रोज. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. हे दाढी करताना गुणगुणतात तेही हेच. मुंगी पाळण्यात याच्यावरच झोपायची. मी समजत होते तुम्हाला ठाऊक आहे."

चहा निवला. ती दोघं येतीलच आता. आली की म्हणणार आहे, "आता चाक सुरू करते हं."