कीपरच्या एक पाऊल अलीकडे

३ सप्टेंबर, बुधवार

जूनमधे सांगितलेलं काम. एक पान लिहायचं होतं. सप्टेंबर लागला तरी कोरंच आहे.

वर्गीस सर म्हणाले होते, जुन्या पोरांनी प्रत्येकी लिहून द्या, मागच्या सीझनला आपला अटॅक का चालला नाही. सर अकाउंट्स शिकवतात आणि फुटबॉल टीम सांभाळतात. मी म्हटलं, आधी इथे मराठीत लिहितो, मग इंग्लिश करू. तेही टाळलं. जूनमधे वसईला होतो, जुलैत एका मित्राच्या बोटीवर, मधे गोव्याला (कशाला गेलो ते अजून कळलं नाही), मग परत इथे आखातात, मावशीकडे. ती म्हणते तुझ्या पायाला चाकं आहेत. शेवटचं वर्ष दुसऱ्यांदा करतोय, म्हणून टीममधे सगळ्यात जुना मीच. लेफ्ट विंग.

आता बसलो तर विमान आलं. मुहर्रकला विमान गच्चीवरच्या टाकीला घासून जातं असं वाटतं. ते बघायला उठलो, मग खाली खुब्जची रोटी आणायला गेलो, मग कोपऱ्यावरच्या मांजरीला त्यातली अर्धी घातली. तास गेला.

कामाचं: अख्ख्या सीझनला हाताच्या बोटांवर मोजावेत इतके गोल, त्यातही पेनल्ट्या. ह्या वर्षी असंच झालं तर ग्राऊंडची संध्याकाळ क्रिकेटवाल्यांना. कॉलेजने सरांना तोंडावर सांगितलंय. पहिली मॅच २६ तारखेला.

५ सप्टें., शुक्रवार

चहाच्या टपरीवर अनस (कॅप्टन) आणि जोबी (आमचा कीपर). विचारलं, तुम्ही लिहिलं का.

अनस : ग्राऊंड ही खराब है, लिख दे.
जोबी : गर्मी लिख. रोज़ा लिख.
मी : रोज़े तो एक महिना होते हैं.
जोबी : तो एक महिना लिख.

हसलो. सॅमीचं नाव निघालं. सॅमी म्हणजे मागच्या वर्षी आणलेला नवीन फॉरवर्ड, सीझन संपायच्या आत सोडून गेला. जाताना म्हणाला, तुम्हा लोकांनाच मी गोल मारलेला नकोय. आम्हाला राग आला होता. अनस म्हणाला, पागल था.

सॅमी कोणाच्या जागी आला होता, ते तिघांपैकी कोणीच बोललं नाही. चहा संपला, उठलो.

६ सप्टें.

लिहून टाकतो, नाहीतर पुढे जमणार नाही.

संकेत. संकेत कांबळे. आमचा नऊ नंबर. जन्म वर्ध्याकडचा, वाढला इथे, सनदला. मागच्या सीझनची पहिलीच मॅच. अनसने बॉल आत टाकला, संकेत सुटला, त्यांचा कीपर युसूफ बाहेर आला. दोघंही बॉलवरच गेले, फाऊल कोणाचाच नव्हता. संकेतचं डोकं, युसूफचा गुडघा. संकेत उठला. हसला. पाणी प्याला, शिट्टी होईपर्यंत खेळला. बसमधे माझ्या शेजारी बसून चिप्स खाल्ले. घरी गेल्यावर उलट्या. हॉस्पिटलमधे नेलं तोवर बोलणं बंद झालं होतं. मग

युसूफने खेळणं सोडलं म्हणतात. खरंखोटं माहीत नाही. आम्ही कोणीच त्याला फोन केला नाही.

मी अजून बसमधे खिडकीची सीट घेत नाही. ती त्याला लागायची.

९ सप्टें., मंगळवार

सनदला गेलो. उन्हाळाभर जाईन जाईन म्हणत होतो. कांबळे काका अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन आहेत, आज त्यांना सुट्टी. काकू गावाला गेल्या त्या आल्याच नाहीत. काका मात्र परत ड्युटीवर.

"जय भीम काका."
"जय भीम. काऊन रे डाबरे, मेला का जिता हायेस?" म्हणाले आणि पटकन ताटं काढायला वळले. मग म्हणाले, "बस. भात खाशील ना?"

वरण-भात, वर वांग्याची भाजी, तिखट. कपाटावर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी संकेतचा, कॉलेजच्या आय-कार्डावरचा, मोठा करून घेतलेला. त्यामुळे चेहरा पुसट.

जेवताना म्हणाले, "बाबू, तुह्याकडं व्हिडिओ असतीन ना मॅचचे?"
"आहेत काका."
"मले पाहाचे नाही. मले त्याचा आवाज पायजे. फोनमधी फोटो लय हायेत, आवाज नाही. आम्ही मराठीत बोलावं अन् थो इंग्लिशमधी उत्तर द्याचा. मराठी बोललाच नाही कधी आमच्याशी धड."

मी म्हटलं, शोधतो.

सांगितलं नाही, पण ग्राऊंडवर संकेत माझ्याशी फक्त मराठीत बोलायचा. समोरच्यांना कळू नये म्हणून. आणि अशी मराठी, की मला वसईवाल्यालाही अर्धी कळायची नाही. काकांचीच होती ती, जशीच्या तशी.

११ सप्टें., गुरुवार

कॉलेजला गेलो नाही. दिवसभर क्लिप्स. टीमच्या ग्रुपवर पोरं टाकत असतात, कोणी उघडत नाही. सर उघडतात, लॅपटॉपवर, आवाज बंद करून, आणि कोणी कुठे पळायचं त्याचे बाण काढतात.

संकेतचा आवाज सापडला. त्याच्या पहिल्या वर्षाची क्लिप. वारा आहे, पण स्वच्छ ऐकू येतं: "डाबऱ्या, दे न बे! झोपला काय!" फोन उलटा ठेवून गच्चीत जाऊन आलो. मग परत ऐकलं.

अशा बऱ्याच निघाल्या. कापून वेगळ्या ठेवतोय. एकीत नुसता हसतो. तीही घेतली.

शोधता शोधता मागच्या सीझनमधे घुसलो. पहिल्या मॅचनंतर तिथे तो कुठून असणार. पण कान लावायची सवय लागली होती, लावून राहिलो.

सॅमी बॉल घेऊन आत जातो. कीपर बाहेर येतो. आणि मागून आमच्यातला कोणीतरी ओरडतो, "खलास! खलास!" बॉल लाइनबाहेर गेला की इथे सगळे असंच ओरडतात, सोड, झालं. पण बॉल बाहेर गेलेला नाही. सॅमीच्या पायात आहे. सॅमीचा पाय थांबतो. कीपरच्या एक पाऊल अलीकडे.

दुसरी क्लिप. तेच. तिसऱ्या मॅचला तर बेंचवरून सगळेच. सीझनच्या शेवटी ओरडावंही लागत नाही, जो पुढे जातो तो आपसूक थांबतो.

कोणी ठरवलं नव्हतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एका क्लिपमधे सगळ्यात जवळचा आवाज माझा आहे. मला ओरडल्याचं आठवतही नाही.

सॅमी बरोबर बोलला होता.

१२ सप्टें.

काकांना क्लिप्स पाठवल्या. निळ्या खुणा लगेच. उत्तर नाही.

१४ सप्टें., रविवार

लेक्चर संपल्यावर (इथे सुट्टी शुक्रवारी, रविवारी कॉलेज) सरांना गाठलं. पान नाही दिलं, फोन दिला. म्हटलं, सर, ये आवाज के साथ देखो.

त्यांनी हातात घेतला नाही. "आय नो," म्हणाले.
"फिर ये ऐरो किसलिए बनाते थे?"
"कुछ तो करना था, डाबरे." मग, "उसमें सबसे ज़ोर से मैं हूँ. इसलिए म्यूट."

वर्गात पोरी दुसऱ्या लेक्चरला यायला लागल्या. सर फळा पुसत बसले, आधीच पुसलेला. पाठमोरेच म्हणाले, नौ नंबर पे तू जाएगा.
मी म्हटलं मी विंगर आहे.
"तू उसको जानता था," म्हणाले. हे काय कारण झालं. पण नाही म्हणता आलं नाही.

मनामाच्या बसमधे बसलो आणि उतरायचं विसरलो. मग समुद्रावर. भरती होती. उगाच एका मासेवाल्याशी हमूरच्या भावावरून वाद घातला, मासा घ्यायचाच नव्हता.

१७ सप्टें., बुधवार

सरांनी सगळ्यांना उभं करून क्लिप ऐकवली. कोणी कोणाकडे बघेना. अनसने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. सर म्हणाले, आजपासून ओरडायचं नाही.

ओरडलं नाही कोणी. ते जास्त वाईट. मी बॉल घेऊन आत गेलो, मागे एवढी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. थांबलो. पुन्हा गेलो. थांबलो. पाय माझा नाहीच असं वाटतं. मग लक्षात आलं, जोबीसुद्धा पुढे येत नाहीये. गोल लाइनला चिकटून उभा.

"तू आ ना बाहर."
"पहले तू आ."
"मैं आया तो तू आएगा?"
"मालूम नहीं यार."

मी आणि जोबी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, नको खेळूस मग, पोटापाण्याचं थोडंच आहे ते. खरंय. रात्रभर तिचंच खरं वाटत होतं. पण नाही खेळलो तर पोरं ग्राऊंड सोडतील आणि मग संकेत नुसता असा राहील, आय-कार्डच्या फोटोसारखा. हे बरोबर लिहिता येत नाहीये.

२१ सप्टें., रविवार

काकांचा व्हॉइस मेसेज आला, नऊ दिवसांनी. "बाबू, थो माह्यासारखा बोलते रे." पुढे फक्त पंख्याचा आवाज, बराच वेळ. बंद करायचं विसरले असावेत. मी शेवटपर्यंत ऐकला.

प्रॅक्टिसला आज अर्धं पाऊल जास्त. जोबीपण दोन पावलं बाहेर आला आणि मागे पळाला. अनस म्हणाला, ये तो शादी वाले घर में लड़का-लड़की जैसा चल रहा है. सरसुद्धा हसले, बऱ्याच दिवसांनी.

पण अर्धं पाऊल म्हणजे गोल नव्हे. शुक्रवारी समोर खरा कीपर असणार, तो येणारच.

२४ सप्टें., बुधवार

शेवटची प्रॅक्टिस. उद्या सुट्टी, परवा मॅच. चेंजिंग रूममधे लिहितोय. दमट एवढं की कागद हाताला चिकटतोय. जोबीच्या गुडघ्याला बर्फ लावलाय, काल पडला, आज उभा राहू शकणार नाही. गोलमधे कोणाला ठेवायचं यावरून सर आणि अनसची कटकट चाललीय. अनस म्हणतो, दोन पिशव्या ठेवू आणि त्यात मारू. सर म्हणतात, पिशवी बाहर आती है क्या.

पान अजून दिलेलं नाही सरांना. काय लिहू, सगळं ऐकलंय त्यांनी.

एक बूट घातला. दुसऱ्यात वाळू

अनस आत्ता दारातून ओरडून गेला. नाही, ओरडला नाही, हळूच म्हणाला. गेटवर युसूफ आलाय, तोच, त्या मॅचचा कीपर. एकटाच. कोणी बोलावलं नव्हतं, सरांनीपण नाही. सरांना विचारतोय, आज तुमच्या गोलमधे उभा राहू का.

अनस म्हणाला, ग्लोव्हज गाड़ी से ही पहन के आया है.