इदोवूला थोरलीचा हुकूम

लागोस, ४ मार्च १८७२

चि. फेलिझार्दा हीस,
अ. उ. आ. वि. वि.

आईला आधी खाली बसव, मग हे वाच. मावश्या सापडल्या.

पाद्र्याने पाणी शिंपडून आईला बेनेदिता केलं, पण ती इदोवूच राहिली. इदोवू म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेली. गोऱ्यांनी माणसं नेली, नावं पुसली. पण कोण कुणाच्या पाठीवर जन्मलं, हे बदलायची ताकद त्यांच्या एकाही तोफेत नव्हती. हेच मी अबेओकुटाच्या बाजारात ओरडून सांगितलं आणि विचारलं, चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या जुळ्यांची पाठची बहीण गलबतावर विकली गेली? चार जोड्या आल्या. चौथीने मला बोलूच दिलं नाही. आमच्या पाठचीच्या डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे ना, असं उलट मलाच विचारलं.

मग मी घोळ घातला. तैवो मावशी आधी जन्मलेली, म्हणून आधी तिला साष्टांग घातला. केहिंदे मावशी अशी फणकारली! इथे मागून येते ती थोरली. जग कसं आहे ते बघायला ती धाकटीला पुढे धाडते. समुद्रापलीकडे बाहियात वाढलेल्या मला हे कुठलं ठाऊक? बहिणीने पोराला गवंडी केलं, माणूस करायचं राहिलं, असं ती भर बाजारात म्हणाली. आता रोज जेवायला घालते आणि घासागणिक टोमणा मारते.

आईला घेऊन लवकर ये.

तुझा दादा,
लोरेन्सो

बाहिया, २० मे १८७२

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आई रडली, हसली, कढईतली चवळीची भजी करपली तरी उठली नाही. पण यायला तयार नाही. तिला इकडे आणलं त्या गलबतात खाली साखळीत तिच्या शेजारची मुलगी मेली, तरी दोन दिवस तिला सोडवलं नव्हतं. जन्मभर हुकूम ऐकले, म्हणते, आता कुणी सांगितलं तरी गलबतात पाय ठेवायची नाही. कृपा करून व्याख्यान लिहू नकोस. तुझ्या व्याख्यानांना तिला जांभया येतात.

लोभ आहेच, तो वाढव.
फेलिझार्दा

लागोस, २ ऑगस्ट १८७२

चि. फेलिझार्दा हीस,
अ. उ. आ.

माझं एक अक्षरही नाही. केहिंदे मावशीने सांगितलं तसं लिहितोय. आईला वाचून दाखव.

“इदोवू, मी थोरली आहे. तू यायचं. गलबतात खाली उतरायचं नाही, वर उघड्यावर बसायचं. कुणी खाली जा म्हणालं, तर सांग, थोरल्या बहिणीने मना केलंय.”

लोरेन्सो

बाहिया, ११ ऑक्टोबर १८७२

ती. दादास,
शि. सा. न.

आईने पत्र तीनदा वाचून घेतलं. म्हणाली, किती वर्षांनी कुणी हक्काने रागावलं गं. मग डोळे पुसून कपडे बांधायला बसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी निघतोय. काल कप्तानाला भेटून तिने बजावलं की, मी वरच बसणार, थोरलीची आज्ञा आहे. पाऊस आला तर काय कराल, असं त्याने विचारलं.

आई म्हणाली, “भिजेन.”

तुझी,
फेलिझार्दा