आयच्या चार सीड्या

५ नोव्हें.
सायलीची हळद २२ला. पोरीचा एकच हट्ट, आजीचा धवला लावायचा. आय आमच्या गावची धवलारीण, लग्नातली ही गाणी तिने गायल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. जायच्या आधी दादाच्या कॉम्प्युटरवर गाऊन ठेवलेलं, मग ते सीड्यांवर उतरवलेलं. "सायलीचे हलदीला मी नाय र्‍हायाची गो," म्हणालेली.
माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला. नव्यांना सीडीचा खणच नसतो. ह्याचा अडकलेला, सेफ्टी पिनने टोचून उघडला.

६ नोव्हें.
पहिली सीडी घातली. मेला म्हणतो, चौथी घाला. दुसरी घातली, तेच. पालथ्या घड्यावर पाणी.
ह्यांनी वाचून सांगितलं, एकच बॅकअप चार सीड्यांत तोडून भरलाय, चारही लागतील. आयचं कार्य झाल्यावर दादाने नि मी भांडीकुंडी वाटली तशा ह्याही वाटल्या, दोन-दोन. कॅसेटसारखं वाटलेलं, प्रत्येकीत वेगळी गाणी असतील. ३ नि ४ दादाकडे, खडवलीला.
त्याच्याशी तेव्हापासून बोलणं नाही. आयला शेवटी कोणी ठेवायचं ह्यावरून... जाऊ दे. आपलेच दात, आपलेच ओठ.

९ नोव्हें.
हे म्हणतात, मोबाइलवर हजार धवले आहेत, एक लावून टाक. सायली ताटावरून उठून गेली. आयचा आवाज कसा होता, नीट आठवतच नाही आता. ह्याचंच जास्त रडू येतं.

१२ नोव्हें.
फोन केला. वहिनीने दादाला दिला. मी म्हटलं, तुझ्याकडच्या सीड्या पाहिजेत. "बघतो," म्हणाला नि फोन ठेवला.
लग्नाची पत्रिकाही त्याला दुसऱ्याच्या हाती पाठवलेली मी. मुलीचा मामा तो! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ नोव्हें.
दुपारी दादा आला. केस सगळे पिकले. रुमालात बांधून दोन्ही आणल्या. पाणीही न पिता लॅपटॉपसमोर बसला.
चौथी चालली. पहिली, दुसरीही. तिसरीवर अडकलं. काढून बघितली तर ओरखडेच ओरखडे. मी भडकले, "असं ठेवतात का रे?"
खाली बघत म्हणाला, "दरवर्षी तिचे तिथीला लावून बघतो गो. मना वाटतं, यकदा तरी बोलंल."
मग मला राहवलं नाही. त्याच्यासमोरच रडले.
पुसून परत घातली. फिरतेय अजून, पडद्यावरची पट्टी आहे तिथेच. जेवायला वाढलंय, दादा उठत नाही.
"र्‍हाऊ दे चालू," म्हणतो. "मी आज जात नाय."