मोगरीची आंघोळ

६ ऑक्टोबर
मोगरीला ताप! अंग तव्यासारखं. चारा हुंगतसुद्धा नाही. सासूबाई कल्याणला नणंदेकडे, आणि सहा महिन्यांची गाभण गाय माझ्या एकटीच्या भरवशावर. फोनवर म्हणाल्या, डॉक्टरला बोलाव, तू हात लावू नको तिला. लग्नाला तीन वर्षं झाली, पण डोंबिवलीच्या फ्लॅटमधून आलेली मी त्यांना अजून गोठ्यातली वाटत नाही.

डॉक्टर चारला येणार म्हणाले. मोगरीकडे बघून मला लाजच वाटली. कानात, शेपटीखाली, सडांजवळ गोचीड — टपोरे, एरंडाच्या बियांएवढे! परका माणूस बघून काय म्हणेल?

मग बसले वेचायला. एकेक काढून साबणाच्या पाण्यात. नंतर कोमट पाण्याने आंघोळ. मोगरीने माझ्या मांडीवर हनुवटी टेकली, डोळे मिटले. समोरच्या टॉवरच्या काचांत ढग सरकत होते, खाडीवरून वारा येत होता, आणि वाटलं आम्ही दोघी कुठेतरी तरंगतोय. या घरात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, गोचीड आहेत का? मी म्हटलं, "छे, आमच्याकडे नसतात." पावसाळी ताप असेल म्हणून त्यांनी सुई दिली. गाय छान ठेवलीय म्हणाले. संध्याकाळभर मी हवेत!

७ ऑक्टोबर
ताप तसाच. स्वप्नात मोगरी खाडीवरून चालत होती. पाय भिजत नव्हते तिचे.

८ ऑक्टोबर
लघवी कोऱ्या चहासारखी. डोळे पांढरेफटक. सासूबाई सकाळीच परतल्या. आल्या आल्या मोगरीच्या कानामागून बोट फिरवलं, गोचीड ओढल्याच्या बारीक खपल्या चाचपल्या. डॉक्टरांनी कानाच्या टोकाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. दुपारी फोन — गोचीडताप. गोचीड चावून रक्तात जंतू गेलेत. गोचीड दिसले असते तर परवाच ओळखलं असतं म्हणाले. लगेच येऊन वेगळी सुई दिली. गाय वाचेल का, वासरू राहील का, सांगता येत नाही.

मी केलं हे. माझ्या हातांनी. कुणाला सांगू?

९ ऑक्टोबर
गोठ्यातच बसून आहे. ऊन भिंतीवरून हळूहळू खाली उतरतंय. त्या भिंतीच्या फटींत गोचिडांची अंडी असतात म्हणे. नवऱ्याने फटी बुजवल्या, औषध फवारलं. पंधरा दिवसांनी परत फवारायचंय. मोगरीच्या पोटावर हात ठेवला. आत काहीतरी हललं — की मलाच तसं वाटलं?

११ ऑक्टोबर
मोगरी उठली! चारा खाल्ला. वासरू आहे पोटात. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, गोचीड काढून टाकले कुणी? मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "मीच येचले. घरी कोन येनार असला त आपुन झारून काढत नाय का?" चाळीस वर्षं गुरं पाळून एवढंही कळत नाही का, म्हणून डॉक्टर त्यांना ओरडले. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. आणि मी — मी गप्प राहिले.