पाय दुखत नव्हता तेव्हा

प्रिय जमने,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आमची सून हिना तो सातपाटीला तुझ्या लेकीकडे आणून देईल. तिच्यावर तरी डाफरू नकोस, बिचारी माझ्या हट्टापायी येते आहे.

इकडे मुरब्यात यंदा बोंबील बरे मिळाले. वाळत घालायला बायका आहेत, पण शेजारी बसून साऱ्या गावाची उणीदुणी काढायला कोणी नाही. तू खुर्चीतून उठतसुद्धा नाहीस असं कळलं. बोईसरच्या बाजारात जन्मभर उकिडवं बसून मासळी विकली, दोघींचे चारही गुडघे झिजले, आणि आज त्यातला माझाच एक तेवढा धड आहे. फार वाईट वाटतं गं.

ऑपरेशननंतर तू बघायला आलीस, तेव्हा गुडघा कापलाय हे मला खरंच जाणवत नव्हतं. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी मशीनवर बघून मांडीत नसेजवळ औषध सोडलं होतं. त्याचा अंमल दुसऱ्या दिवसापर्यंत राहणार होता, तोवर कुणाला धरल्याशिवाय उतरायचं नाही, असं नर्सनं बजावलं होतं. पण आपली जात तुला ठाऊक. दुखायचं थांबलं की बरं झालं, लगेच टोपली डोक्यावर. शिवाय तुझ्याही ऑपरेशनची तारीख ठरलेली आणि तू घाबरलेली. तुला धीर यावा म्हणून मी तोऱ्यात म्हटलं, “बग, कायपन दुखत नाय,” आणि पलंगावरून उतरले. बधिर पाय दुमडला. मी तुझ्यासमोरच कोसळले, टाक्यांतून रक्त आलं आणि तू रडत निघून गेलीस. तारीखही मोडलीस.

जमने, औषधात खोट नव्हती, उतावीळ मी होते. टाके पुन्हा घातले, पुढे चालूही लागले. चालताना तुझी खुर्ची डोळ्यांसमोर येते आणि माझं मन खातं.

आता मुद्द्याचं. येत्या सोमवारी माझा दुसरा गुडघा. सोबत कोण राहणार असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा घरी मुलगा-सून असून मी तुझं नाव सांगितलं. पुन्हा तीच सुई, तसाच बधिर पाय, आणि माझा काय भरवसा? मला दरडावून झोपवणारी तू एकटीच. रिक्षा दारात येईल. पलंगाजवळ बस, हव्या तेवढ्या शिव्या दे. तुझ्या गुडघ्याचं काय करायचं ते तू ठरव, मी शब्द काढणार नाही. या खेपेला मात्र मी तुझा हात धरूनच उतरेन.

तुझीच उतावळी,
काशी